कायले आनलं?

पलंगावर बॅग उघडी होती आणि तिच्या दोन बाजूंना आम्ही दोघं. माझ्या हातात आमसुलांची पिशवी आणि आंबापोळीची चार पाकिटं. नवऱ्याच्या हातात फोन. त्यानं तिन्ही मुक्कामांचे पैसे आगाऊ भरल्याचे मेसेज मला एकामागून एक दाखवले. म्हणाला, "पैसे दिलेत ना? मग हे कशाला? हॉटेलात जाताना मॅनेजरसाठी आंबापोळी नेतेस का?"

मी म्हटलं, "हॉटेल वेगळं, घर वेगळं."

"भाडं घेतलं की घराचंही हॉटेलच होतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या आईचा नियम मात्र होता: कुणाच्याही घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, त्या घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर नाहीच नाही. पण आईच्या काळात मुक्कामाला जायचं म्हणजे मामाकडे, आत्याकडे, फार तर वडिलांच्या मित्राकडे. तिथं कुणी ॲपवर तारखा बघत नव्हतं की निघताना तारे मागत नव्हतं. भाडं भरलेल्या पाहुण्यानं काय करावं, हे आईनं कधी सांगितलं नव्हतं, कारण तसा पाहुणा तिनं पाहिलाच नव्हता. सरकारी कागदही इथं कामाचे नाहीत. पर्यटन खात्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे, 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरणही आलं. त्यांत यजमानानं काय करायचं ते आहे. पाहुण्यानं पिशवीत काय घालावं, हा प्रश्न आपल्यावर सोडलेला आहे.

मी आमसुलं बॅगेत कोंबली आणि चेन ओढली. नवरा म्हणाला, "ओझं तू उचलायचं."

जानेवारी होता. खान्देशात जायचं ते भरितासाठी, एवढंच मूळ ठरलं होतं. वाटेत चाळीसगावला उतरायचं, मग जळगाव, तापीपलीकडे यावल तालुक्यात एका केळीच्या मळ्यावर दोन दिवस, तिथून अमळनेरवरून धुळं.

चाळीसगावला उतरलो ते केकी मूस यांचं घर बघायला. स्टेशनपासून पायी जाण्याइतकं जवळ आहे. 1912 साली जन्मलेला हा पारशी कलावंत इंग्लंडात कला शिकून आला आणि या घरात शिरला तो जवळजवळ बाहेर पडलाच नाही. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, उजेडाशी खेळून त्यांनी काढलेली छायाचित्रं देशोदेशी बक्षिसं मिळवत होती आणि काढणारा माणूस चाळीसगावातच बसून होता. चाळीसगावकर त्यांची एक गोष्ट सांगतात. मुंबईतल्या एका तरुणीनं त्यांना वचन दिलं होतं की मी एक दिवस रेल्वेनं येईन आणि तुझ्याबरोबर जेवीन. म्हणून रोज रात्री मुंबईची गाडी येण्याच्या वेळी मूस घराचे दिवे लावत, दार उघडं ठेवत, दोन माणसांचं ताट तयार ठेवत. गाडी येई, निघून जाई. 1989 साली, वर्षाच्या शेवटच्या दिवशी ते गेले.

गोष्टीत किती खरं, किती गावानं घातलेलं, मी खोलात गेले नाही. घर बघून बाहेर आलो तेव्हा नवरा बराच वेळ गप्प होता. स्टेशनाच्या वाटेवर म्हणाला, "तिनं येताना काही आणलं नसतं तरी चाललं असतं."

"चाललं असतंच," मी म्हटलं. "पण ती आली असती तर काहीतरी आणलंच असतं."

जळगावचा मुक्काम एका फ्लॅटमध्ये होता. यजमान दिसलेच नाहीत. वॉचमननं वही पुढे केली, सही घेतली, चावी दिली. आत सगळं नीटनेटकं: पलंगपोस ताणून बसवलेला, फ्रिजवर वायफायचा पासवर्ड, गॅसजवळ चहा-साखरेच्या बाटल्या, भिंतीवर सूचनांचा कागद. गिझर बंद करा, ओले टॉवेल खुर्चीवर टाकू नका, रात्री दहानंतर आवाज नको. माणूस नव्हता, पण त्याचा आवाज भिंतीवरून ऐकू येत होता.

भेट कुणाला द्यायची? नवरा हसत होता. मी हट्टानं आंबापोळीचं एक पाकीट फ्रिजमध्ये ठेवलं, त्यावर चिठ्ठी चिकटवली: 'तुमच्यासाठी. ठाण्याहून.' दुसऱ्या दिवशी सकाळी चावी वॉचमनकडे देऊन निघालो. अकराच्या सुमारास मालकांचा फोन आला. अतिशय सभ्य आवाज. "मॅडम, तुमचं काहीतरी फ्रिजमध्ये विसरलंय. कुरिअरनं पाठवू का?"

चिठ्ठी ओलीनं सुटून पडली असावी. मी समजावून सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "अरे वा. असं कुणी ठेवत नाही हो. साफसफाईवाल्या ताईंना वाटलं, राहून गेलं."

फोन ठेवल्यावर नवरा इतका हसला की रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. मलाही हसू आलं, पण एक गोष्ट तिथं पक्की कळली. भेट हातातून हातात जावी लागते. मध्ये हात नसेल तर तिची विसरलेली वस्तू होते.

त्या रिक्षातून आम्ही जुन्या जळगावात चौधरी वाड्याकडे चाललो होतो. बहिणाबाई चौधरींचं हे सासर. माहेर जवळच्याच आसोद्याचं, जन्म 1880 चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात काम करताना सुचेल ते त्या म्हणत. मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं ते कागदावर उतरवून घेत. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं ती गाणी पुस्तकात आली. वाड्यात जातं, भांडी, शेतीची अवजारं अशा त्यांच्या संसारातल्या वस्तू ठेवल्या आहेत. घरात वापरून गुळगुळीत झालेल्या वस्तू काचेआडही वापरात असल्यासारख्या दिसतात. त्या वाड्यात जाताना मी काही नेलं नव्हतं. नुसतं तिकीट काढून माणूस जाऊ शकतो अशा जागाही असतात, एवढं नवऱ्याच्या बाजूनं मान्य करते.

दुपारी तापी ओलांडली. पलीकडचा मुलूख वेगळाच. दोन्ही बाजूंना केळीच केळी, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. घडांना निळ्या-पांढऱ्या पिशव्या घातलेल्या, बुंध्यापाशी ठिबकच्या काळ्या नळ्या. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि इथल्या भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी. एकाच जिल्ह्याच्या एका फळाला आणि एका भाजीला सरकारी शिक्का. खाणाऱ्यांना तो आधीपासूनच ठाऊक होता.

मळ्यावर पोचलो तेव्हा यजमानीण ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. साठीच्या असतील. त्यांचा मुलगा ॲप सांभाळतो, फोटो टाकतो, हिशेब ठेवतो. स्वयंपाक, माणसं आणि घर मावशींकडे. आम्ही पाय धुतले, पाणी प्यायलो, आणि मी बॅगेतून आमसुलांची पिशवी आणि आंबापोळी काढून त्यांच्या हातात दिली.

"ओ माय! कायले आनलं?"

हे 'कायले' मी त्या दोन दिवसांत बऱ्याचदा ऐकलं. तापीकाठच्या लेवा बोलीत 'कशाला'चं 'कायले' होतं, 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'य'; केळीच्या मुलखात केळीला 'केयी' म्हणतात. पण शब्द कुठलाही असो, हा प्रश्न प्रश्न नसतोच. "कशाला आणलं?" म्हणणाऱ्या यजमानाला कारण नको असतं. ती पोच असते. माझी एक भाची जपानात नोकरी करते. ती सांगते, तिथं कुणाच्या घरी जाताना नेलेला खाऊ दोन्ही हातांनी पुढे करायचा आणि "अगदी क्षुल्लक आहे" असं आपणच म्हणायचं. जपानात देणारा वस्तू लहान करतो, आपल्याकडे घेणारा अडवल्यासारखं करतो. दोन्हीकडे हेतू एकच: हा व्यवहार नाही, हे दोघांनी मोठ्यानं सांगून टाकायचं. भाडं घेणाऱ्या घरात तर ते सांगण्याची गरज जास्त, कारण सकाळीच खात्यात पैसे जमा झालेले असतात.

मावशींनी आमसूल हातात घेऊन हुंगलं. "हे चिंचेसारखं का?"

"थोडंसं. आमच्याकडे डाळीत, सारात घालतात."

त्यांनी ते देवळीत ठेवलं. मला वाटलं, संपलं. आता हे पुढच्या दिवाळीला सापडेल.

संध्याकाळी भरितपार्टी. हा शब्द इथं सगळे वापरतात, गरीब-श्रीमंत सगळे. थंडी पडली की शेतात माणसं जमतात आणि वांगी भाजली जातात. वांगी म्हणजे हातभर लांबीची, हिरवी, पांढरट रेघांची, कमी बियांची. आसोदा, बामणोदची नावं त्यांच्याबरोबर घेतली जातात. कपाशी वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात ती टाकायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास येत नाही, हे मावशींच्या मुलानं मला तीन वेळा सांगितलं. वांगं काळं पडून मऊ झालं की साल काढायची आणि लाकडी भांड्यात लाकडी मुसळीनं ठेचायचं. धातू लावायचा नाही. मग भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. तेलाला हात आखडायचा नाही. बरोबर कळण्याच्या पुऱ्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून मीठ घातलेलं पीठ म्हणजे कळणा. केळीच्या पानावर वाढलेलं ते भरीत पाहून नवरा पहिल्यांदा म्हणाला, "इथं पैसे कमीच घेतले."

मी म्हटलं, "मग खात्यात आणखी टाक."

तो मावशींकडे बघून गप्प बसला. टाकता येणार नाहीत, हे त्यालाही कळलं. मागे एकदा एका वेगळ्याच गावी, कुठल्या ते सांगत नाही, निघताना मी यजमानीणबाईच्या हातात पाकिटात घालून पाचशे रुपये ठेवले होते. तिचा चेहरा पडला. तीन दिवस तिनं मला 'ताई' म्हटलं होतं; त्या क्षणापासून ती 'मॅडम' म्हणू लागली. पाकिटानं मी तिला मोलकरीण केलं आणि तिनं मला गिऱ्हाईक. लहान मुलाच्या हातावर खाऊला दहा रुपये ठेवणं वेगळं, कामाला येणाऱ्या बाईला बक्षिसी देणं वेगळं. घराच्या मालकिणीला नोट देऊ नये.

जेवण अर्ध्यावर आलं आणि मावशींनी वाडग्यात काहीतरी लालसर ओतून पुढे केलं. माझंच आमसूल. दुपारी मी बोलता बोलता सांगितलेलं सार त्यांनी ऐकून करून पाहिलं होतं, फक्त फोडणीत लसूण सढळ हातानं घातला होता. भरिताच्या तेलावर ते आंबट सार असं काही बसलं की आम्ही सगळ्यांनी दोनदा घेतलं. ठाण्यात मी जे करते त्याहून चांगलं झालं होतं, हेही लिहून ठेवते. आंबापोळी तोवर नातवंडांनी संपवली होती. मावशी म्हणाल्या, "पुढल्या टायमाले हेच आनजा, दुसरं काही आनू नका." 'कायले आनलं'पासून 'हेच आनजा'पर्यंत सहा तास लागले होते.

दुसऱ्या दिवशी मुलानं मोटारसायकलवरून फैजपूर दाखवलं. 1936 च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष पंडित नेहरू, मागे गांधीजींचा आग्रह की अधिवेशनानं खेड्यात यावं. नंदलाल बोस शांतिनिकेतनातून आले आणि बांबू, गवत, चटया असल्या गावातल्याच सामानातून त्यांनी अधिवेशनाचं नगर सजवलं. साने गुरुजी तयारीसाठी गावोगाव फिरले. देशभरातून आलेली माणसं सांभाळायची म्हणजे खायचं, प्यायचं, निजायचं सगळं एका गावावर. मावशींच्या आजेसासऱ्यांची बैलगाडी तेव्हा पाहुण्यांच्या दिमतीला होती, असं त्यांच्या घरात सांगतात. कुणा पुढाऱ्याला नेलं होतं, हे दर पिढीत बदलतं. नव्वद वर्षांपूर्वीचा पाहुणचार अजून घरात मोजला जातो, तिथं मी माझ्या आंबापोळीचा काय हिशेब मांडणार!

वाटेत तो मुलगा मला एक गोष्ट स्पष्ट बोलला. "ताई, आईसाठी तुम्ही आणलं, बरं वाटलं. माझ्यासाठी एक करा. ॲपवर चार ओळी लिहा. नुसते तारे नको. मराठीत लिहा, म्हणजे आपली माणसं येतील." त्याचं बरोबर होतं. मावशींना आमसूल पोचलं, मुलाला चार ओळी लागत होत्या. एका घरात दोन यजमान असतात आणि दोघांची भेट वेगळी असते. त्या ओळी नवऱ्यानं लिहिल्या. मी वाचल्या तेव्हा सात झाल्या होत्या.

निघायच्या सकाळी ओट्यावर पाट मांडलेला दिसला आणि मला अंदाज आला. नवऱ्याला बसवलं, कुंकवाचा टिळा लावला आणि टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. खान्देशात टॉवेल-टोपीशिवाय लग्न लागत नाही आणि पाहुणा सुटत नाही. एका एका लग्नात इतक्या टोप्या जमतात की घालायला डोकी पुरत नाहीत. मग त्या पुढच्या लग्नात दुसऱ्यांच्या डोक्यावर जातात. माझी ओटी भरली. नवरा पांढरी टोपी घालून, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ असा उभा होता. पैसे भरून आलेला ग्राहक! मी फोटो काढला. तो फोटो हा आमच्या घरातल्या वादातला माझा पुरावा आहे.

पुढे केळीची एक फणी, केळ्याच्या वेफर्सची पिशवी आणि एक स्टीलचा डबा आला. डब्यात गुळाच्या दशम्या आणि मिरचीचा ठेचा, वाटेच्या शिदोरीसाठी. दशमी दुधात भिजवलेली, म्हणून दोन दिवस टिकते. मी डबा उलटा करून बघितला. बायकांना ही सवय असते. बुडावर टिंबटिंबांनी नाव कोरलेलं होतं: मावशींचं, आणि खाली 'मामाकडून'. लग्नात मिळालेला डबा. मी म्हटलं, "मावशी, हा नको, पिशवीत द्या."

"राहू द्या. पुढल्या टायमाले आनजा."

अमळनेरला उतरून धुळ्याची एसटी पकडायची होती. मध्ये दोन तास होते. संत सखाराम महाराजांचं गाव, साने गुरुजींच्या शाळेचं गाव, तत्त्वज्ञान मंदिराचं गाव. पण चहाच्या टपरीवर विषय निघाला तो शेअर्सचा. 1945 साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी इथं शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप करण्याचा कारखाना काढला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्याचंच पुढे विप्रो झालं. सुरुवातीच्या काळात अमळनेरच्या लोकांनी थोडे थोडे शेअर घेतले. कुणी ते जपले, त्यांच्यावर बोनस शेअर येत गेले आणि पिढ्या सावरल्या. कुणी घाईत विकले आणि अजून हळहळतात. टपरीवाला म्हणाला, "आमच्याकडे पाहुणा आला, तूप करून गेला." खान्देशात आलेल्या पाहुण्यांनी मागे काय ठेवलं, याची यादी माझ्या डोक्यात तिथं सुरू झाली.

ती यादी धुळ्यात लांबली. धुळ्याचा जुना भाग सरळ आखलेला आहे. गल्ल्यांना नावांऐवजी आकडे. त्यातल्या एका गल्लीत जुन्या दुमजली घराचा वरचा मजला पाहुण्यांना देतात. खाली अप्पा आणि आक्का. अप्पा निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. तापी मागे पडली, तशी बोलीही बदलली होती. दारातच आक्का म्हणाल्या, "या, बठा." मी आंबापोळीचं शेवटचं पाकीट पुढे केलं.

"हाई कसाले?"

यावलच्या 'कायले'चं धुळ्यात 'कसाले' झालं होतं. अहिराणी ती. पाकीट अप्पांच्या समोर टेबलावर राहिलं. ते त्याच्याकडे बघत राहिले, उघडलं नाही. आक्का मला आत घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यांना साखर आहे. दोनशेच्या वर जाते. आता रात्री उठून खातील." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्या माणसाच्या घरी गोड न्यायचं हा आईचा नियम, पण आईच्या काळात घराघरात साखर मोजायचं यंत्र नव्हतं. शेवटी मी यावलच्या मावशींच्या ठेच्यातला अर्धा ठेचा काढून आक्कांना दिला. अप्पांनी तो भाकरीबरोबर खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, "हे बेस." आंबापोळी आक्कांनी कामाच्या मुलीच्या हातात दिली. मावशींच्या घरचा ठेचा धुळ्यात पोचला, ठाण्याची आंबापोळी तिसऱ्याच घरी गेली. भेटवस्तू एका जागी थांबत नाहीत, हे टोप्यांवरूनच कळायला हवं होतं.

रात्री थंडी कडक होती. अप्पांनी शाल गुंडाळली आणि मला विचारलं, "धुळ्यातले सगळ्यात मोठे पाहुणे कोण, सांगा."

मी राजवाड्यांचं नाव घेतलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगाव फिरले. ज्या घरात शिरत तिथं माळ्यावरची जुनी दप्तरं मागत. कागद मागणारा पाहुणा. 1926 च्या डिसेंबराच्या अखेरच्या दिवशी ते धुळ्यात वारले आणि त्यांनी जमवलेला कागदांचा ढीग धुळ्याकडे राहिला. तो सांभाळायला लोकांनी पुढच्याच महिन्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं.

"ते झालेच," अप्पा म्हणाले. "पण मी सरकारी पाहुण्यांबद्दल विचारतोय."

मग माझ्या लक्षात आलं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केलं. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. साने गुरुजीही तिथंच कैदेत होते. त्यांनी ती बोलता बोलता उतरवून घेतली. त्याची 'गीता प्रवचने' झाली आणि ती देशातल्या किती भाषांत गेली! अप्पांनी कपाटातून वडिलांची प्रत काढली, कडा पिवळ्या, शिवण सुटलेली. म्हणाले, "यजमान इंग्रज सरकार. खोली, जेवण, सगळं त्यांच्याकडून. आणि पाहुण्यांनी भेट दिली ती भलत्यालाच, म्हणजे आपल्याला."

नवऱ्यानं विचारलं, "अप्पा, तुम्ही खोल्या कशासाठी देता? भाड्यासाठी?"

"पैसे मुलगा कॅनडातून पाठवतो. माणसं पाठवता येत नाहीत."

रात्री साडेअकरापर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर बसलो. त्या घरात न्यायची वस्तू कुठल्याच दुकानात मिळत नव्हती, आणि ती न्यायला बॅगही लागत नव्हती. आक्कांनी दशम्या संपलेला डबा घासून सकाळी माझ्या हातात दिला. त्यात बिबडे होते, ज्वारीचे, वाळवलेले. "डबा रिकामा द्यायचा नसतो," त्या म्हणाल्या, जणू मला हे माहीतच नसावं.

परत येताना गाडीत नवऱ्यानं विचारलं, "मग न्यायचं की नाही? एकदा ठरव."

ठरलं ते असं. यजमान भेटणार नसेल, चावी वॉचमनकडे असेल, तर काही नेऊ नका. घर स्वच्छ ठेवून निघणं पुरे. यजमान घरात राहत असेल तर न्या. लहान न्या, आपल्या गावचं न्या, खाण्याचं असेल तर उत्तम, पण म्हातारी माणसं असतील तर गोड नको. जळगावला केळी आणि धुळ्याला शेव नेऊ नका. पोचल्यावर लगेच द्या, निघताना नको. निघताना दिलेली वस्तू हिशेबासारखी दिसते. हातात द्या. "कशाला आणलं" म्हणतील, त्याला उत्तर देऊ नका. पाकिटात पैसे घालू नका. ज्या मुलानं फोटो टाकलेत त्याला चार ओळी लिहून द्या. आणि ते जे देतील ते नाही म्हणू नका, कारण तुम्ही नेलेल्या आंबापोळीपेक्षा त्यांनी दिलेलं घेणं हे जास्त अवघड असतं आणि जास्त गरजेचं.

नवऱ्याचं म्हणणं अजून आहे की भाडं दिलं की व्यवहार संपतो. फक्त तो हे पांढऱ्या टोपीत घेतलेल्या फोटोसमोर बसून म्हणतो.

मावशींचा डबा आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे, बुडावर 'मामाकडून' लिहिलेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी येतात, तेव्हा गर्दी असेल; आम्ही त्यानंतर जाणार आहोत. आमसुलं यंदाची वाळली की त्यात भरायची आहेत.